वेबसाईट लोकल सर्व्हरवर टाकली पण दिसतच नाहीये? आतून बाहेर असं तपासत या

मी इंदूरला राहते. आमच्या मोहल्ल्यातल्या मराठी वाचनालयाची पुस्तकांची यादी वेबसाईटसारखी करायचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं. वाचनालयातल्या एका जुन्या पीसीवर वेब सर्व्हर चालवायचा, तिथल्या वायफायला फोन जोडला की सभासदांना पुस्तकाचं नाव, लेखक, कपाट नंबर, दाखल नंबर दिसायला पाहिजे, इंटरनेट असो नाहीतर नसो. पानं मी घरी लॅपटॉपवर बनवली, तिथे सगळं छान चालत होतं, आणि वाचनालयातल्या पीसीवर टाकली तर काहीच दिसेना. तीन रविवार त्यात गेले. दर वेळी समोर दिसेल ती सेटिंग बदलत गेले, आणि त्यात आधी जे बरोबर होतं तेही बिघडलं.

नंतर हळूहळू एक क्रम सापडला. सर्व्हरच्या पोटातून सुरुवात करायची आणि एकेक पाऊल बाहेर यायचं: आधी सर्व्हर प्रोग्रॅम, मग त्याच मशीनवरचा ब्राउझर, मग दुसरा कॉम्प्युटर आणि सगळ्यात शेवटी फोन. जिथे अडलं तिथेच दोष, तो निघेपर्यंत पुढे जायचंच नाही. आपण करतो नेमकं उलटं, आधी फोन हातात घेतो आणि तिथे दिसलं नाही की सर्व्हरच पुन्हा इन्स्टॉल करायला बसतो.

मी विंडोजवर झॅम्प वापरलं (स्पेलिंग एक्स, ए, एम, पी, पी; अपाचे नावाचा वेब सर्व्हर, पीएचपी आणि डेटाबेस एकत्र बसवून देणारं पॅकेज), म्हणून उदाहरणं त्याचीच आहेत, लिनक्सवाल्यांसाठी जिथे फरक पडतो तिथे सांगितलंय. फोल्डरची आणि कमांडची नावं मी उच्चाराप्रमाणे लिहितेय, टाईप मात्र इंग्रजीतच करायची. आकडेसुद्धा.

सुरू करण्याआधी हे जवळ असू द्या

- सर्व्हरच्या मशीनचा ॲडमिनिस्ट्रेटर पासवर्ड
- राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड (वायफायचा नाही, हा वेगळा असतो, बहुतेक वेळा राउटरच्या मागच्या स्टिकरवर छापलेला असतो)
- एक लॅन केबल, वायफायवर शंका आली की थेट जोडून बघायला
- नोटपॅडपेक्षा जरा बरा एडिटर, नोटपॅड प्लस प्लस किंवा व्हीएस कोड, दोन्ही फुकट मिळतात
- पेनड्राइव्हवर सगळ्या साईटची एक कॉपी, जिला हात लावायचा नाही
- वही आणि पेन. काय बदललं, किती वाजता बदललं, आधी काय होतं, हे लिहायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, फरक पडला नाही तर ती परत पहिल्यासारखी करायची आणि मगच दुसरी

## १. आधी एरर पूर्ण वाचा

"साईट चालत नाहीये" असं म्हणून कोणालाच काही सांगता येत नाही. न चालण्याचे ढोबळ तीन प्रकार आहेत.

पहिला, ब्राउझर सर्व्हरपर्यंत पोहोचतच नाही. यातही दोन तऱ्हा आहेत आणि त्यातला फरक फार कामाचा आहे. "कनेक्शन रिफ्यूज्ड" असं लगेच आलं तर बहुतेक वेळा पत्ता बरोबर आहे, मशीन जागं आहे, पण त्या पोर्टवर (पोर्ट म्हणजे मशीनचं नंबर घातलेलं दार) कोणी ऐकत बसलेलं नाही. म्हणजे दार वाजवलं आणि आतून ताबडतोब "इथे कोणी राहत नाही" असं उत्तर आलं. पण ब्राउझर बराच वेळ गोल गोल फिरून शेवटी "टाईम्ड आऊट" म्हणाला तर दार वाजवलं आणि आतून कोणी ओच दिली नाही. तिथे पत्ता चुकलाय नाहीतर मधे फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारा पहारेकरी, आहे.

दुसरा प्रकार, पोहोचलं पण पान मिळालं नाही. ४०४, ४०३, ५०० असे आकडे दिसतात ते हेच. आकडा दिसला की एक नक्की समजा, सर्व्हर चालू आहे आणि नेटवर्कही ठीक आहे, त्यांना आता हात लावायचा नाही.

तिसरा, पान आलं पण बिघडलेलं आलं. फोटो गायब, रंग गेलेले, मराठीच्या जागी भलतीच अक्षरं, किंवा मागच्या आठवड्यातलंच पान.

तुमचा प्रकार कुठला ते वहीत लिहा आणि मग पुढे चला.

## २. सर्व्हर खरंच चालू आहे का, त्याच मशीनवर बघा

झॅम्पचं कंट्रोल पॅनल उघडा. अपाचेच्या ओळीत स्टार्ट दाबल्यावर नावामागचा रंग हिरवा व्हायला पाहिजे आणि शेजारी पोर्टचे आकडे दिसायला पाहिजेत, नेहमी ८० आणि ४४३. हिरवं होऊन लगेच परत विझलं तर तिसऱ्या पायरीवर जा.

हिरवं राहिलं तर त्याच मशीनच्या ब्राउझरमध्ये एचटीटीपी, कोलन, दोन स्लॅश आणि पुढे लोकलहोस्ट टाईप करा. सुरुवातीचं एचटीटीपी आळस न करता पूर्ण लिहा, कारण हल्ली ब्राउझर स्वतःच्या मनानं एचटीटीपीएस लावून बघतात आणि आपल्या साध्या सर्व्हरवर ते नीट बसवलेलं नसतं, मग उगाच भीतीदायक इशारा येतो.

लोकलहोस्ट म्हणजे "हेच मशीन", त्याचा आकड्यातला पत्ता १२७.०.०.१. हे नीट लक्षात घ्या, कारण मी सुरुवातीला फोनवर लोकलहोस्ट टाईप करत बसले होते. फोनवर लोकलहोस्ट म्हणजे तो फोन, वाचनालयातला पीसी नव्हे.

आणि पान फाईलवर डबल क्लिक करून उघडू नका. तसं उघडलं तर ब्राउझर थेट डिस्कवरून फाईल वाचतो, सर्व्हर मधे येतच नाही, वर पत्त्याच्या जागी फाईल असं लिहून येतं. एचटीएमएल तसंही दिसतं म्हणून आपल्याला वाटतं सर्व्हर चालतोय, पण पीएचपी (सर्व्हरवर चालून पान तयार करणारी भाषा) त्यात चालत नाही.

## ३. अपाचे सुरूच होत नाही, पोर्ट ८० दुसऱ्यानं घेतलंय

एका पोर्टवर एका वेळी एकच प्रोग्रॅम ऐकू शकतो. कंट्रोल पॅनलमध्ये उजवीकडे नेटस्टॅटचं बटण आहे, ते दाबलं की कोणत्या पोर्टवर कोण बसलंय त्याची यादी येते. ८० च्या समोर सिस्टिम आणि प्रोसेस नंबर ४ असं दिसलं तर बहुतेक विंडोजचा स्वतःचा वेब सर्व्हर, आयआयएस, चालू आहे. सर्व्हिसेसच्या यादीत वर्ल्ड वाईड वेब पब्लिशिंग सर्व्हिस शोधा, थांबवा, स्टार्टअप मॅन्युअलवर ठेवा.

ते जमत नसेल किंवा आयआयएस दुसऱ्या कामाला लागत असेल तर अपाचेलाच दुसरं पोर्ट द्या. कंट्रोल पॅनलमध्ये अपाचेच्या ओळीतल्या कॉन्फिगमधून एचटीटीपीडी.कॉन्फ उघडा, "लिसन ८०" असेल तिथे "लिसन ८०८०" करा, सर्व्हरनेमच्या ओळीतही ८० चं ८०८० करा, सेव्ह करून अपाचे थांबवून परत सुरू करा. आता पत्त्याच्या शेवटी कोलन लावून ८०८० लिहावं लागेल, प्रत्येक वेळी, प्रत्येक फोनवर. सभासदांमध्ये सत्तरीच्या पुढचे लोक असतील तर त्यांच्यासाठी पोर्ट ८० मोकळं करून द्यायची मेहनत घ्या, ते कोलन विसरतात आणि मग तुम्हाला रोज फोन येतात.

लिनक्सवर अपाचे उठत नसेल तर टर्मिनलमध्ये अपाचे२सीटीएल कॉन्फिगटेस्ट चालवा, चूक कुठल्या फाईलच्या कितव्या ओळीत आहे ते तो बहुतेक वेळा सरळ सांगतो.

## ४. फाईल जिथे जायला पाहिजे तिथेच गेली का

माझा सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला. सर्व्हर तुमची सगळी डिस्क दाखवत नाही, एक ठरलेलं फोल्डर दाखवतो. झॅम्पमध्ये ते सी ड्राइव्हवरच्या झॅम्प फोल्डरमधलं एचटीडॉक्स, आयआयएसमध्ये इनेटपबमधलं डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूरूट, उबुंटूवर व्हार, त्यात डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू, त्यात एचटीएमएल. त्याच्या बाहेर ठेवलेलं काही दिसणार नाही, डेस्कटॉपवर कितीही छान फोल्डर करून ठेवलं तरी.

यात चार खड्डे आहेत.

पहिला: एचटीडॉक्समध्ये झॅम्पची स्वतःची इंडेक्स.पीएचपी आधीपासून असते. तुम्ही तिथेच आपली इंडेक्स.एचटीएमएल टाकली तर पत्ता उघडल्यावर तुमचं पान येत नाही, झॅम्पचं डॅशबोर्ड येतं, कारण पहिलं पान कुठलं दाखवायचं त्याच्या यादीत इंडेक्स.पीएचपीचा नंबर आधी लागतो. म्हणून आत आपलं वेगळं फोल्डर करा, माझं ग्रंथ या नावाचं आहे, आणि पत्त्यात स्लॅश देऊन ते नाव लिहा.

दुसरा: फोल्डरमध्ये फोल्डर. झिप फाईल उघडताना विंडोज त्याच नावाचं अजून एक फोल्डर करतो, मग ग्रंथमध्ये ग्रंथ आणि त्यात पानं. पत्ता एक पायरी कमी पडतो आणि ४०४ येतो. किंवा पानाऐवजी फायलींची नुसती यादी दिसते, आणि त्या यादीत अजून एक ग्रंथ दिसला की समजून जा.

तिसरा, आणि हा नवीन माणसाला सापडतच नाही: विंडोज फाईलचं शेपूट लपवतो. नोटपॅडमध्ये इंडेक्स.एचटीएमएल नावानं सेव्ह केलं, प्रत्यक्षात नाव झालं इंडेक्स.एचटीएमएल.टीएक्सटी, आणि एक्स्प्लोररमध्ये शेवटचं टीएक्सटी दिसतच नाही. मी एक अख्खी दुपार त्या फाईलकडे बघत होते, नाव बरोबर, जागा बरोबर, तरी ४०४. शेवटी आमच्या वाचनालयातल्या काकांनी, जे बँकेतून रिटायर झालेत, विचारलं की हिचं चित्र बाकीच्यांपेक्षा वेगळं का आहे. बाकी फायलींवर ब्राउझरचं चिन्ह होतं आणि हिच्यावर कागदाचं. एक्स्प्लोररच्या व्ह्यूमध्ये जाऊन फाईल नेम एक्स्टेन्शन्सवर टिक करा, आजच करा, आणि परत काढू नका.

चौथा: झॅम्प प्रोग्रॅम फाइल्समध्ये इन्स्टॉल करू नका. तिथे लिहायला विंडोज सारखी परवानगी मागतो. सी ड्राइव्हवर थेट असू द्या, इन्स्टॉल करताना तसा इशाराही येतो, आपण तो न वाचता ओके दाबतो.

## ५. मशीनचा पत्ता बरोबर आहे का

त्याच मशीनवर लोकलहोस्टनं पान दिसलं? मग आता बाहेर पडा. कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग टाईप करा (लिनक्सवर आयपी स्पेस ए) आणि आयपीव्ही४ च्या समोरचा आकडा वहीत लिहा. घरातल्या आणि छोट्या ऑफिसातल्या राउटरवर तो बहुतेक १९२.१६८ नं सुरू होतो, कधी १० नं. आयपीकॉन्फिगच्या यादीत दोन-तीन ॲडॉप्टर दिसतात, ज्याच्या समोर डिफॉल्ट गेटवेचा आकडा भरलेला आहे तोच आपला.

आकडा १६९.२५४ नं सुरू होत असेल तर थांबा. राउटरनं पत्ता दिलाच नाही म्हणून मशीननं स्वतःच कामचलाऊ पत्ता लावून घेतलाय. केबल, राउटर, वायफाय बघा, वेबसाईटचा यात काही दोष नाही.

मिळालेला पत्ता आधी सर्व्हरच्याच ब्राउझरमध्ये टाका. तिथे पान आलं तर मग दुसऱ्या कॉम्प्युटरवर.

काल चाललं, आज नाही, असं असेल तर सगळ्यात आधी पत्ता परत बघा. राउटर पत्ते वाटतो ते ठराविक काळापुरते असतात, लाईट जाऊन आली आणि मशीन दुसऱ्या क्रमानं चालू झाली की पत्ता बदलू शकतो. आमच्याकडे पहिल्या पावसात लाईट तीनदा गेली आणि पत्त्याचा शेवटचा आकडा ५ चा ९ झाला, मी भिंतीवर चिकटवलेला कागद फुकट गेला. उपाय राउटरमध्येच आहे: डीएचसीपी रिझर्व्हेशन किंवा ॲड्रेस रिझर्व्हेशन असं काहीतरी नाव असतं, तिथे त्या पीसीच्या मॅक ॲड्रेससमोर (नेटवर्क ॲडॉप्टरचा स्वतःचा नंबर) एक पत्ता कायमचा लिहून द्यायचा. मॅक ॲड्रेस आयपीकॉन्फिगच्या पुढे स्पेस, स्लॅश, ऑल लिहिलं की फिजिकल ॲड्रेस म्हणून दिसतो. पीसी केबलवर आहे की वायफायवर ते बघून त्याच ॲडॉप्टरचा घ्या, दोन्हींचे वेगवेगळे असतात.

## ६. सर्व्हरवर दिसतं, दुसरीकडे नाही

आता संशय फायरवॉलवर. अपाचे पहिल्यांदा चालू केल्यावर विंडोज एक खिडकी दाखवतो, परवानगी द्यायची का. घाईत कॅन्सल दाबलं तर विंडोज गप्प बसत नाही, अपाचेला अडवणारा नियम लिहून ठेवतो. नंतर तुम्ही परवानगीचा नवीन नियम केला तरी उपयोग होत नाही, कारण अडवणारा नियम परवानगीच्या नियमावर भारी पडतो. म्हणून फायरवॉलच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये, इनबाउंड रूल्समध्ये, अपाचे एचटीटीपी सर्व्हर नावाचे सगळे नियम बघा, लाल गोलवाले आधी काढा आणि मग परवानगी द्या.

त्याच्याबरोबर नेटवर्क पब्लिक आहे की प्रायव्हेट तेही बघा. विंडोजमध्ये वायफाय किंवा इथरनेटच्या प्रॉपर्टीजमध्ये हे असतं. आपल्या स्वतःच्या राउटरला प्रायव्हेट करा. स्टेशनवरच्या किंवा हॉटेलातल्या वायफायला कधीच नाही.

फायरवॉल पूर्ण बंद करून बघा असा सल्ला तुम्हाला दहा जण देतील. करायचंच असेल तर दोन मिनिटं, इंटरनेटची केबल काढून, आणि लगेच परत चालू. तसंच ठेवून घरी जाऊ नका. दुसरा अँटिव्हायरस टाकलेला असेल तर त्याची फायरवॉल वेगळी असते, विंडोजमधलं सगळं बरोबर असूनही ती अडवते.

पिंगवर फार विसंबू नका. विंडोज फायरवॉल पुष्कळदा पिंगला उत्तर देत नाही पण वेब पान व्यवस्थित देतो.

लॅपटॉपवर दिसतं आणि फोनवर नाही, असं असेल तर फोनचा मोबाईल डेटा बंद करा. हे मला फार उशिरा कळलं. वाचनालयाच्या राउटरला त्या दिवशी इंटरनेट नव्हतं, फोननं बघितलं की या वायफायमध्ये इंटरनेट नाही, आणि तो न विचारता मोबाईल डेटावर गेला. वरती वायफायचं चिन्ह दिसतच होतं. मी जेल रोडवरच्या एका दुकानात राउटर घेऊन गेले तर त्यांनी न बघताच सांगितलं, "मैडम, ये पुराना हो गया, नया ले लो." पैसे काढायच्या आधी घरी येऊन अजून एकदा तपासलं म्हणून वाचले, राउटर आजही तोच आहे.

आणि राउटरच्या गेस्ट वायफायला फोन जोडू नका. गेस्टवरच्या उपकरणांना आतली मशीन दिसत नाहीत, ते मुद्दाम तसं असतं. काही राउटरमध्ये एपी आयसोलेशन नावाचं बटण असतं, त्याचाही परिणाम हाच.

## ७. ४०४, ४०३, ५०० आणि लॉग

४०४ म्हणजे त्या नावाची फाईल तिथे नाही. चौथी पायरी परत वाचा.

४०३ म्हणजे तुम्ही मागितलंय ते द्यायची परवानगी नाही. बहुतेक वेळा फोल्डरमध्ये इंडेक्स नावाची फाईल नसते आणि फायलींची यादी दाखवायला बंदी असते. आयआयएसवर हेच ४०३.१४ म्हणून येतं. लिनक्सवर फाईलच्या परवानग्या बघा: फोल्डरला ७५५, फाईलला ६४४ पुरतं. ७७७ करून टाका असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, त्यानं त्या मशीनवरच्या कोणालाही तुमच्या फायली बदलता येतात. पीएचपीमायॲडमिन (ब्राउझरमधून डेटाबेस सांभाळायचं साधन) दुसऱ्या मशीनवरून उघडताना ४०३ आलं तर ते बरोबरच आहे, झॅम्प ते फक्त त्याच मशीनवरून उघडू देतो, तसंच राहू द्या.

५०० म्हणजे सर्व्हर काम करताना आतच अडखळला, पीएचपीतली चूक किंवा एचटीॲक्सेस फाईलमधली (फोल्डरपुरत्या अपाचेच्या सेटिंगची फाईल) एखादी ओळ. इथे अंदाज बांधत बसू नका, लॉग उघडा. झॅम्पच्या कंट्रोल पॅनलमध्ये अपाचेच्या ओळीत लॉग्जचं बटण आहे. दोन फायली महत्त्वाच्या: एरर लॉग आणि ॲक्सेस लॉग. शेवटची ओळ सगळ्यात नवी असते.

ॲक्सेस लॉगचा एक उपयोग कोणी सांगत नाही. फोनवरून पान उघडा आणि लगेच ॲक्सेस लॉग बघा. फोनची ओळ आली असेल तर विनंती सर्व्हरपर्यंत पोहोचली, आता फायलींमध्ये शोधा. ओळच आली नसेल तर विनंती वाटेतच हरवली, नेटवर्कमध्ये शोधा. एवढ्या एका गोष्टीनं अर्धे तर्क गळून पडतात. हे पहिल्या रविवारी माहीत असतं तर दुसरा रविवार लागलाच नसता.

## ८. पान आलं, फोटो नाही आले

फोटोवर राईट क्लिक करून त्याचा पत्ता बघा. त्यात सी ड्राइव्ह किंवा फाईल असा शब्द दिसला तर पान बनवताना फोटोची वाट तुमच्या लॅपटॉपची लिहिली गेलीय. तुमच्या लॅपटॉपवर तो दिसतच राहणार, दुसऱ्या कोणालाही नाही. लोकलहोस्ट लिहिलेलं असेल तरी तेच. नुसतं फोटो-स्लॅश-मुखपृष्ठ असं, पानाच्या जागेपासून पुढचं लिहा.

लिनक्स सर्व्हरवर मोठी आणि लहान इंग्रजी अक्षरं वेगळी धरली जातात. कॅमेऱ्यानं दिलेलं मोठ्या अक्षरातलं जेपीजी आणि पानात लिहिलेलं लहान अक्षरातलं जेपीजी, विंडोजवर दोन्ही एकच, लिनक्सवर ४०४. म्हणून पहिल्यापासून सगळी नावं लहान इंग्रजी अक्षरात, मधे स्पेस न देता ठेवा. फाईलचं नाव मराठीत द्यायचा मोह होतो, मलाही झाला. चालतं ते, पण लिंक कॉपी केली की एकेका मराठी अक्षराचे टक्क्याच्या चिन्हांसकट नऊ-नऊ इंग्रजी अक्षरं-आकडे होतात आणि व्हॉट्सॲपवर पाठवलेली लिंक कोणाला वाचताच येत नाही. मराठी पानाच्या आत ठेवा, नाव साधं असू द्या.

## ९. मराठीच्या जागी भलतंच दिसतंय

याच्यासाठी मला खास लिहायचं होतं, कारण इंग्रजी साईट करणाऱ्यांना हे येत नाही, आपल्याला येतंच येतं, आणि इथे घाई केली तर यादीच कायमची जाते. काय दिसतंय त्यावरून रोग ओळखा.

डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए, मग एक गोल चिन्ह, मग अजून काहीतरी, आणि परत तोच ए, अशी लांबच लांब माळ दिसत असेल तर घाबरू नका, मजकूर शाबूत आहे. यूटीएफ-८ मध्ये (सगळ्या लिपींची अक्षरं साठवायची पद्धत) देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं, ब्राउझर ते तीन वेगळी युरोपियन अक्षरं समजून वाचतोय एवढंच. पानाच्या हेडमध्ये अगदी वरती मेटा चारसेट यूटीएफ-८ ची ओळ टाका, पहिल्या १०२४ बाइटमध्ये ती यायला पाहिजे, म्हणजे हेड उघडल्या उघडल्या. आणि एडिटरमध्येही फाईल यूटीएफ-८ म्हणूनच सेव्ह करा. नोटपॅड २०१९ मधल्या विंडोज १० च्या अपडेटपासून स्वतःच यूटीएफ-८ घेतो, त्याआधीचा जुना पीसी असेल तर सेव्ह ॲजमध्ये खाली एन्कोडिंग निवडावं लागतं. पीएचपीची फाईल असेल तर बॉम नसलेलं यूटीएफ-८ निवडा, नाहीतर फाईलच्या सुरुवातीला न दिसणारी तीन बाइट बसतात आणि हेडर्स आधीच गेले अशी तक्रार येते.

प्रश्नचिन्हांची ओळ दिसत असेल तर मात्र थांबा. प्रश्नचिन्ह म्हणजे बहुतेक वेळा अक्षर गेलंय, त्या जागी खरंच प्रश्नचिन्ह साठवलं गेलंय, सेटिंग बदलून ते परत येत नाही. आमची यादी एक्सेलमध्ये होती, मी ती साध्या सीएसव्हीत सेव्ह केली, आणि सगळं मराठी उडालं. मूळ एक्सेल जवळ होती म्हणून निभावलं. एक्सेलमध्ये सेव्ह ॲजमध्ये सीएसव्ही यूटीएफ-८ असा वेगळा पर्याय आहे, तोच घ्या. डेटाबेस वापरत असाल तर टेबल आणि पीएचपीचं कनेक्शन दोन्ही यूटीएफ८एमबी४ (डेटाबेसमधलं पूर्ण यूटीएफ-८) ठेवा, एकच ठेवून भागत नाही, आणि आधी पाच पुस्तकं भरून बघा, मग बाकीची.

तिसरा प्रकार: लॅटिन अक्षरं, कंस, टिंबं यांची खिचडी दिसते, पण वर्डमध्ये तेच छान मराठी दिसतं. मजकूर जुन्या फॉन्टमधला आहे, श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी वगैरे. त्यात मराठी अक्षर साठवलेलंच नसतं, इंग्रजी अक्षरावर मराठी आकार चढवलेला असतो, फॉन्ट नाही तर मराठी नाही. मेटा चारसेट इथे काही करू शकत नाही. युनिकोड कन्व्हर्टरमधून काढावं लागतं, आणि नंतर हातानं वाचून तपासावं लागतं. ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि र्‍या, र्‍हा हे हमखास चुकतात. आमच्या वाचनालयात जुनी अर्धी यादी कृतिदेवमध्ये होती. मी आणि ग्रंथपाल मावशी समोरासमोर बसून, त्या दाखल रजिस्टर वाचणार आणि मी स्क्रीन बघणार, असं महिनाभर केलं. एकही लेखकाचं नाव चुकीचं जाऊ नये असं त्यांचं म्हणणं होतं आणि ते अगदी योग्य होतं.

## १०. बदल केला, पण जुनंच दिसतं

कंट्रोल आणि एफ५ एकत्र दाबा. फोनवर इन्कॉग्निटोत उघडून बघा. तरी जुनंच असेल तर तुम्ही कुठली कॉपी बदलताय ते बघा, लॅपटॉपवर एक, पेनड्राइव्हवर एक, सर्व्हरवर एक असं असतं. पानात एखादा वेडावाकडा शब्द लिहून सेव्ह करा आणि तो दिसतो का बघा. दिसला नाही तर तुम्ही भलतीचकडे लिहिताय.

## ११. लॅपटॉपवरून सर्व्हरवर पाठवताना

दोन्ही मशीन एकाच वायफायवर असतील तर साईटचं फोल्डर शेअर करणं सोपं. शेअर करताना एव्हरीवनला लिहायची मुभा देऊ नका, पासवर्ड असलेला एक वेगळा युजर करा.

एफटीपी (नेटवर्कवरून फायली पाठवायची जुनी पद्धत) वापरत असाल तर लॉगिन झाल्यावर आपण कुठल्या फोल्डरमध्ये उतरलोय ते आधी बघा, बऱ्याचदा ते साईटचं फोल्डर नसतंच आणि फायली दुसरीकडे साठत जातात. लॉगिन होतं पण फायलींची यादी येत नाही, तर पॅसिव्ह मोडचे पोर्ट फायरवॉलमध्ये अडकलेत. एफटीपीत आज्ञा एका जोडणीवरून जातात, पोर्ट २१, आणि फायली दुसऱ्या जोडणीवरून, म्हणून एक चालतं आणि दुसरं नाही असं होतं. या एफटीपीचा पहिला आराखडा १९७१ मध्ये अभय भूषण यांनी लिहिला, आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतले. मला हे कळलं तेव्हा फार बरं वाटलं, म्हणून सांगितलं. पण एफटीपीत पासवर्ड उघडाच जातो, त्यामुळे फक्त आपल्या आतल्या नेटवर्कपुरतं वापरा, नाहीतर एसएफटीपी घ्या, त्यात सगळं कुलूपबंद जातं.

## १२. चालू झालं की लगेच हे करा

पीसीची स्लीप सेटिंग नेव्हर करा, नाहीतर अर्ध्या तासानं सर्व्हर झोपतो आणि तुम्ही परत पहिल्या पायरीवर. झॅम्पचं कंट्रोल पॅनल रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटरनं उघडून अपाचेच्या डावीकडच्या सर्व्हिसच्या खुणेवर क्लिक करा, म्हणजे लाईट जाऊन आल्यावर पीसी सुरू झाला की अपाचे आपोआप उठेल. छोटा यूपीएस मिळाला तर घ्या.

राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करून ही साईट जगाला उघडी करू नका. झॅम्प शिकण्यासाठी आणि बनवण्यासाठी आहे, त्यात डेटाबेसच्या रूट युजरला सुरुवातीला पासवर्डच नसतो. बाहेरच्यांना दाखवायची असेल तर वेगळं होस्टिंग घ्या.

आणि मशीनवर चिठ्ठी लावा. जगातला पहिला वेब सर्व्हर वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांच्या, सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेतल्या नेक्स्ट कॉम्प्युटरवर चालायचा, त्याच्यावरही लाल शाईनं हातानं लिहिलेली चिठ्ठी होती की हे मशीन सर्व्हर आहे, बंद करू नका. आमच्याकडे संध्याकाळी झाडायला येणाऱ्या ताई जाताना बोर्डावरचे सगळे स्विच बंद करायच्या, त्यांचं काही चुकत नव्हतं, वीज वाचावी म्हणूनच करायच्या. आता पीसीवर मराठीत आणि हिंदीत दोन्हीत लिहिलंय, पीसीच्या आणि राउटरच्या स्विचवर लाल टेप आहे, आणि चिठ्ठीच्या खाली मोठ्या अक्षरात साईटचा पत्ता, शेवटच्या स्लॅश ग्रंथसकट, म्हणजे सभासद तिथेच उभं राहून फोनवर टाईप करतात.